विरळणीचे मणी

भद्रकालीतून आणलेल्या तिसऱ्या
दुपारपासून मिठाच्या पाण्यात आहेत.
वाळू सोडतायत.
मधूनच एखादी टक् करते पातेल्यात,
जणू दाभोळच्या खाडीला आत्ता भरती लागली
आणि हिला ते इथे, पाथर्डी फाट्यावर,
तिसऱ्या मजल्यावर कळलं.

बर्फाच्या पेटीत बसून रात्रीतून कसारा घाट चढल्या.
मीही तशीच आले,
फक्त माझ्याकडे बँकेचा बदलीचा कागद होता.
नाशिकरोडच्या फलाटावर पिवळ्या पाटीत
समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते.
आपण किती खोल पाण्यात आहोत ते बघावं
तशी मी ती वाचली होती, उलटी.

कांदा परतून झाला, खोबरं वाटून झालं,
आणि आमसुलाची बरणी उघडली तर
तळाशी नुसतं ओलं मीठ,
काचेला एक जांभळा ओघळ.
चिंच मला चालत नाही. तिसऱ्यांत तर नाहीच.

दारात हौसाबाई थेटे.
पिकअपमधून आत्ताच उतरलेली,
अंगठ्याला कात्रीचा घट्टा, पदराला गाठ.
"काय गं बया, दगडं उकळती का?"
"आत जीव आहे त्यांच्यात."
"मंग लांबूनच बघते. मार्गशीर्ष चालू हाय."
एक पाय आत, एक पाय जिन्यात,
अशी ती उभी राहिली शेवटपर्यंत.

आंबटाचं ऐकून तिनं पदराची गाठ सोडली.
हिरवे मणी. वाटाण्याएवढे. टणक.
दिंडोरीच्या बागेत आज विरळणी होती.
"घडातलं निम्मं काढून टाकायचं,
न्हाईतर बाकीचं फुगत न्हाई."
टाकलेल्यांचं काय होतं, मी विचारलं.
"काय व्हायचंय? पायाखाली.
मी आणते मूठभर. मिठासंगं खाते, दात आंबेस्तोवर."

एक मणी चावला.
डोळे मिटले आपोआप.
आमसूल जिभेवर येतं आणि मुक्कामाला बसतं;
हे आधी गप्प राहतं
मग जबड्याच्या मागून हाक मारतं.

घातले. ठेचून, सालासकट.
"आता काळा मसाला," जिन्यातून हुकूम.
तिसऱ्यांत काळा मसाला!
"अगं घाल, चमचाभर. काय तुझा समुद्र नासतोय?"
खालून तिचा नातू डबा घेऊन आला,
झाकण काढताच दोघांनाही शिंका.

झाकण ठेवलं. वाफ धरली.
एकेक शिंपला सैल पडायला लागला,
कुणीतरी ओळखीचं बोलल्यावर पडावा तसा.
रस्सा काळपट झाला, वर हिरवट फुटलेले मणी,
असलं काही आमच्या घरात कुणी कधी बघितलं नव्हतं.
"वास कसा येतोय?" हौसाबाईनं विचारलं,
नाक तिचंही तिथंच होतं तरी.

आईला फोन लावला.
"द्राक्षं? तिसऱ्यांत?
बरी हायस ना गो? ताप नाय ना?"
"कच्ची गं. आंबट."
"आणि मसाला कसला म्हणालीस?"
सांगितलं.
मग इतका वेळ काही आवाज नाही
की मागची गाज ऐकू आली,
किंवा तिच्या घरचा पंखा असेल.

मी एकटीच जेवायला बसले.
एक बाई महिनाभर खाणार नाही,
दुसरी घाटाखाली आहे,
आणि दोघींना मला सांगायचं होतं कसं लागतंय.
पहिला घास घेतला. बोटं चाटली.
शब्द काही येईना, मूठ नुसती वर केली.
हौसाबाई हसली. "बरं झालं, जमलं.
दोन ठेव गं फ्रीजरात. महिना संपू दे."

एक तिसरी उघडलीच नाही.
अशी खायची नसते. ताटाच्या कडेला ठेवली.

फोन अजून चालूच होता, भाताच्या पातेल्याला टेकलेला.
त्यातून आई, हळू,
शेजारी कुणी ऐकू नये अशा आवाजात:
"मणी आधी घातलेस
की तिसऱ्या उघडल्यावर?"